एका गावात दोन ‘आसरा’

‘अठ्ठ्याण्णव’ हा आकडा अंजना फोनवर सहज बोलून गेली आणि त्यापायी केनवड गावात एवढं रामायण घडलं.

जून लागून आठ दिवस झाले होते. हिरव्या शेडनेटखाली मिरचीचं रोप चार-चार पानांवर आलं होतं. अंजना अठ्ठ्याण्णव खाचांचे ट्रे भरत बसली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत कोकोपीटच्या भुश्यानं माखलेले, म्हणून फोन खांद्यानं कानाशी दाबून धरलेला. पलीकडे एक बाई होती. आवाज तरुण, ओळखीचा नाही.

“आसरा नर्सरी का?”

“हो, बोला ना.”

“आमचं लहान हाये जी एक. जरासं नाजूक हाये. तुमच्याकडं आनलं तं चालन का?”

अंजनाला यात नवल वाटलं नाही. लोक दुसरीकडून रोपं घेतात, ती माना टाकतात, मग दाखवायला हिच्याकडे आणतात. असं दर मोसमाला होतं.

“काय होते त्याले?”

“अंगच धरत नाई. जराशी हवा लागली का मान टाकते.”

“लाड जास्त झाले त्याचे. दोन दिवस पानी तोडा.”

“पानी?”

“हो. आनि सावलीत कोंडून नका ठेवू. आमी पंधरा दिवस सावलीत ठेवतो, मंग उन्हात काढतो. वाकलं तं वाकू द्याचं, हात नाई लावाचा. संध्याकायी आपोआप उभं राह्यते. एकदा कडक झालं का मंग कुठंबी न्या.”

बाई मग हळूच म्हणाली, “एका जागी किती ठेवता जी?”

“अठ्ठ्याण्णव. मोठे असले तं सत्तर. त्यातले दोन-चार जातातच, ते धरूनच चालाचं.”

फोन कट झाला. अंजनाला वाटलं, रेंज गेली असेल. तिनं फोन पदराला पुसून बाजूला ठेवला आणि पुढचा ट्रे ओढला.

अंजना आता अठ्ठेचाळीसची. दहावी गावातच झाली, पुढे शिकायचं मनात होतं ते मनातच राहिलं. नवरा बापूराव, घरची दीड एकर ओलिताची जागा, त्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर आणि आठ वर्षांपासून ही रोपांची नर्सरी. मुलगी राधिका अकोल्याला दिलेली. तिनंच मागच्या दिवाळीत आईचा नंबर आणि नाव फोनमधल्या नकाशावर टाकून दिलं होतं. “आई, आता लोक तुले शोधत येतीन,” म्हणाली होती. लोक येत होते, हे खरं.

नर्सरीला नाव दिलं त्याची गोष्ट अशी. त्यांच्या विहिरीच्या काठाला सात दगड आहेत, शेंदूर लावलेले. त्या साती आसरा. पाण्याच्या देवता. घरात कोणी त्यांचं सरळ नाव घेत नाही, ‘बाया’ म्हणतात. सासरा असेपर्यंत दर अमावास्येला तो दहीभात ठेवायचा, तो गेल्यावर अंजना ठेवू लागली. लागोपाठ दोन उन्हाळे विहीर तळाला गेली तेव्हा अंजनानं त्या दगडांसमोर हात जोडले आणि म्हणाली, “पानी द्या. इथं जे उगवन त्याले तुमचंच नाव देईन.” गाळ काढायला माणसं उतरली आणि दुसऱ्याच दिवशी कपारीतून झरा फुटला. आता तो बायांनी दिला की गाळ काढल्यानं फुटला, हे अंजनानं कधी कोणाशी वादात घेतलं नाही. बोललेलं होतं ते पाळलं. रस्त्याच्या कडेला पाटी लागली, ‘आसरा नर्सरी’. आठ वर्षांत ‘आसराची मिरची मरत नाही’ असं लोक म्हणू लागले. या नावानंच तिचा माल ओळखला जायचा. नाव बायांचं होतं आणि ती ते सांभाळत होती, एवढाच तिचा हिशोब.

दुसऱ्या दिवशी बापूराव गावातून चहा पिऊन आले ते हसतच.

“अंजने, आपली शाखा निघाली वं गावात.”

“कायची शाखा?”

“रिसोडच्या रस्त्याले. गुलाबी पाटी हाये. ‘आसरा नर्सरी’. वरतून ससाबी काढला हाये.”

“ससा कायले? सशानं रोपं खाल्ले तं?”

“रोपायची नाई बावा, लेकरायची हाये. शाळेआधीची शाळा. देशमुखाच्या सुनंनं काढली, निता मॅडमनं.”

अंजना हातातला ट्रे धरून तशीच उभी राहिली. कालची बाई, नाजूक लहान, पाणी तोडा, उन्हात काढा. एकेक शब्द तिच्या ध्यानात येऊ लागला आणि शेवटी ‘दोन-चार जातातच’ आलं तेव्हा तिनं ट्रे खाली ठेवला.

“अवो, म्या काय बोलली हो त्या बाईले!”

तिनं सांगितलं आणि बापूराव इतके हसले की त्यांना उचकी लागली. अंजनाला हसूही येईना आणि रडूही येईना. त्या बाईचा नंबर शोधून तिनं तीनदा फोन लावला. बाईनं उचलला नाही. कशाला उचलेल?

पुढचे पंधरा दिवस सगळा घोळ. कोणी विचारी, तुमच्याकडं गाडी घ्यायला येते का? अंजना म्हणे, टेम्पो येतो पण भाडं तुमचं. कोणी विचारी, डबा काय द्यायचा? ती आता सावध झाली होती. फोन उचलला की आधी विचारायची, “झाडाचं की लेकराचं?” यावर एक माणूस चिडला आणि म्हणाला, “बाई, तुमाले काय झाडाले लेकरं लागताना दिसले का?”

तिकडे निता मॅडमचंही तेच चाललं होतं, पण ते अंजनाला ती स्वतः आली तेव्हाच समजलं.

निता आली ती दुपारी, स्कूटीवरून. पंचविशी-तिशीतली, वाशिमची मुलगी, डी.एड. झालेली. अंगावर साधा ड्रेस, डोळे लाल. शेडनेटच्या दारात उभी राहून म्हणाली, “अंजनाकाकू तुम्हीच ना?”

“हो. या ना आत. चप्पल काढली नाई तरी चालते.”

“काकू, तुम्ही तुमचं नाव बदला.”

बसायच्या आधीच असं. अंजना गोंधळली. तिला पहिल्यांदा वाटलं, ही आपल्याच नावाचं म्हणतेय.

“माझी संस्था रीतसर नोंदलेली आहे,” निता म्हणाली. “माझ्याकडे कागद आहे. तुमच्याकडे आहे का?”

“कागद नाई. पाटी हाये, आठ वर्साची.”

“काकू, बावीस मुलं आली होती माझ्याकडे. आज नऊ आहेत. तुमच्यामुळे.”

अंजनानं पाण्याचा तांब्या पुढे केला. निता प्यायली आणि मग तिला बोलता येऊ लागलं. अठ्ठ्याण्णववाली बाई म्हणजे निकिता, पलीकडच्या गल्लीतली. तिनं दोन दिवसांत गावभर केलं की शाळेत पोरं उन्हात उभी करतात, पाणी देत नाहीत. निताने आयांना बोलावून खोली दाखवली, पंखा दाखवला, पाण्याचं पिंप दाखवलं. आया हसल्या आणि प्रकरण मिटलं.

“आणि शेतकरी! रोज फोन. एकानं विचारलं, ‘मॅडम, ज्वाला हाये का?’ मी म्हटलं, ज्वाला नावाची कोणी नाही, एक ज्योती आहे. तर म्हणे, ज्योती चालन, तिखट हाये ना? दोन हजार काढून ठेवा.”

अंजनाला फिसकन हसू फुटलं. निताही हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“ते सगळं चालून गेलं असतं हो. पण परवा हिरीबाई आल्या नातवंडांना सोडायला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, शाळेचं नाव काय? मी सांगितलं. तर त्या दारातच खाली बसल्या. दोन्ही नातवंडं उचलली आणि निघाल्या. दुसऱ्या दिवशी तेरा पोरं आली नाहीत. मला कोणी काही सांगतही नाही. म्हणतात, तुमच्यापेक्षा अंजनाबाईले विचारा.”

हिरीबाई म्हणजे गावातली सगळ्यांत जाणती म्हातारी. ओटी कशी भरायची, कोणाला काय बाधलं, कोणत्या दगडाला काय ठेवायचं, हे तिला विचारल्याशिवाय बायका करत नसत. अंजनाला झटकन उलगडलं.

“मॅडम, तुमी हे नाव काहून ठेवलं?”

“काहून म्हणजे? आसरा. आधार. इथल्या आया निंदायला जातात, पोरं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर झोपवतात. तिथं काय चावेल, काय नाही. त्यांना दिवसभर आसरा मिळावा म्हणून.”

“असं होय,” अंजना म्हणाली. “आमच्याकडं आसरा म्हंजे बाया. सातजनी.”

ती निताला विहिरीवर घेऊन गेली आणि सात दगड दाखवले. सांगितलं की भरदुपारी लहान लेकरू इकडं आणत नाहीत. बाया वाईट नाहीत, पण लेकरावर त्यांचा जीव फार. त्यांना आवडलं ते त्या ठेवून घेतात, असं म्हातारी माणसं म्हणतात. पोहायला गेलेलं पोर बुडालं की म्हणतात, आसरांनी नेलं.

निता दोन पावलं मागं सरली. “आणि मी मुलांच्या शाळेवर हे लिहून ठेवलं?”

“तुमी नाई लिवलं. तुमी वेगळंच लिवलं. अक्षरं तेच हायेत फक्त.”

“मग हे जाऊन त्यांना सांगा ना, काकू. तुमचं ऐकतील. सांगा की बाया काही करणार नाहीत.”

इतकी वर्षं दहीभात ठेवला म्हणून बायांच्या मनातलं अंजनाला कळत होतं, असं थोडंच होतं? काही करणार नाहीत, हे ती कोणाच्या भरवशावर सांगणार? आणि करतील, हे तरी कशावरून? पूजा करताना असला प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

“मी त्यायच्या वतीनं कशी बोलू?” ती म्हणाली. “आनि नाव मी काढू शकत नाई मॅडम. मी बोललेली हावो त्यायले.”

निता स्कूटी सुरू न करताच ढकलत रस्त्यापर्यंत गेली. ते अंजनाला बघवलं नाही.

जेवताना बापूरावांनी तोडगा काढला. “आपन पाटीवर लिवू, ‘मूळ दुकान. आमची कोठेही शाखा नाही.’”

“अन् मंग लोक म्हनतीन, शाळा नकली हाये.”

“मंग लिवू, ‘येथे लेकरं मिळत नाहीत.’”

“तुमाले मजाक सुचून राह्यला. तेरा लेकरं धुऱ्यावर झोपून राह्यले.”

बापूरावांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि जरा वेळानं म्हणाले, “तू हिरीमायकडं जा. तिनंच गाठ मारली, तिलेच सोडू दे.”

अंजना निताला सोबत घेऊन गेली. हिरीबाई ओसरीवर तुरीची डाळ पाखडत बसली होती. निताला पाहून तिनं सूप खाली ठेवलं नाही, पण पाय जरा आवरून जागा केली.

अंजनानं सगळं सांगितलं. मॅडमच्या मनात बाया नव्हत्याच, तिला मालूमच नव्हतं, तिचा आसरा म्हणजे आधार. हिरीबाई ऐकत होती, मधूनच सुपात फुंकर घालत होती.

“पोरी, तुह्या मनात काय होतं ते तुले मालूम,” ती निताला म्हणाली. “हाक मारली का जिचं नाव हाये ते वळून पाह्यते. हाक मारनाऱ्याच्या मनात दुसरी असन, तरी वळते ना? रोज बावीस लेकरं ‘आसरा, आसरा’ करत जाईन त बाया वळून नाई पाह्यनार?”

अंजनाला हे पटत नव्हतं आणि खोडताही येत नव्हतं.

“मंग काय कराव हिरीमाय?”

हिरीबाईनं सूप खाली ठेवलं. “एका घरात दोन एका नावाच्या नांदते का? नाई नांदत. घरात रमा असली अन् रमा सून आली त काय करतो आपन? तांदयात नवीन नाव लिवतो. गाव म्हंजे घरच. जे मागून आली तिचं नाव बदलाचं. शाळा मागून आली, शाळेचं बदला. पन पोरखेळ नाई कराचा. बायायसमोर करा, ताटात तांदूय घेऊन, अंगठीनं. मंग बायायलेबी समजते, हे आपली नोहे, दुसरी हाये. मंग मी सोता आनून सोडते नातवायले.”

निताने मान हलवली. “चालेल. करा.”

झालं. अंजनाचं नाव राहत होतं, बायांना दिलेला शब्द राहत होता, पोरं परत येणार होती. यापेक्षा चांगला निवाडा कोणता? पण घरी आल्यावर शेडनेटमध्ये जाऊन तिनं वांग्याच्या ट्रेवर पाणी मारलं, आणि मारून झाल्यावर लक्षात आलं की त्यांना सकाळीच पाणी दिलं होतं.

तिचं माहेरचं नाव संगीता. अंजना हे नाव तिला बापूरावांच्या घरात मिळालं. लग्न होऊन ती आली तेव्हा बापूरावांची धाकटी बहीण होती, अकरा वर्षांची, तिचंही नाव संगीता. एका घरात दोन संगीता कशा चालतील? लेकीचं नाव कोण बदलणार? सासूनं ताटात तांदूळ पसरले, बापूरावांच्या हातात अंगठी दिली. कोणीतरी विचारलं, काय लिवाचं? अंजनाच्या आईनं पदर पुढे घेऊन म्हटलं, “काहीबी लिवा, तुमाले आवडन ते.” बापूरावांनी लिहिलं. नव्या सुनेनं ताटात वाकून पाहिलं तेव्हा कळलं की आपण अंजना झालो. बायका हसल्या, नाव घे म्हणाल्या, जेवणं झाली. तांदूळ दुसऱ्या दिवशी निवडून खिचडीत टाकले.

यात कोणाचं काही चुकलं होतं असं नाही. सगळ्यांकडे होतं, तसं तिच्याकडे झालं. फक्त बरीच वर्षं सासू अंगणातून ‘संगीता ऽ’ अशी हाक मारायची तेव्हा चुलीजवळ बसलेली अंजना ‘ओ’ म्हणून उठायची, आणि मग परत बसायची.

शुक्रवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, सगळ्या विहिरीवर जमल्या. हिरीबाई, निता, अंजना, निकिता आणि शाळेतल्या पोरांच्या तीन-चार आया. पोरं कोणी आणली नव्हती. अंजनानं दगडांना शेंदूर लावला, सात हिरवे खण ठेवले, नारळ ठेवला. निताने ओढणी डोक्यावरून घेतली होती. तिला कुठं उभं राहावं ते कळत नव्हतं, म्हणून ती अंजनाच्या मागं मागं सरकत होती.

हिरीबाईनं पितळी ताटात तांदूळ पसरले, तळहातानं सारखे केले. “अंजने, तू जुनी. तू सासू. तूच लिव.”

अंजनानं बोटातली अंगठी काढली.

“काय लिवाचं?” निकितानं विचारलं.

“बालगोपाल लिवा,” एकजण म्हणाली.

“तसली रिसोडात हाये. फुलपाखरू लिवा.”

“फुलपाखरू दोन दिवसात मरते वं. सरस्वती लिवा.”

“सरस्वती म्हंजे मोठी शाळा वाटते. पैसे जास्त मांगते का काय, असं वाटन.”

हिरीबाई वैतागली. “तुमी काय भाजी निवडून राह्यल्या का? मॅडमले इचारा, मॅडमची शाळा हाये.”

सगळ्यांनी निताकडे पाहिलं. निता दगडांकडे पाहत होती. “काहीही लिहा काकू,” ती म्हणाली. “तुम्हाला आवडेल ते. पोरं परत आली म्हणजे झालं.”

अंजनाचा हात तांदळावर थांबला. तिनं वर पाहिलं तर निताचा चेहरा ओढणीत अर्धा झाकलेला. पुढे हिरीबाई, बाजूला बायका, मध्ये ताट. आपण कुठल्या बाजूला उभ्या आहोत, हेच तिला क्षणभर समजेना. सात दगडांसमोर तिनं मनात विचारलं, मी काय करू? दगडांवर ऊन पडलं होतं, शेंदूर ओला होता, एक मुंगळा खणावरून चालत होता. उत्तर असं काही आलं नाही.

मग तिनं लिहिलं. हळूहळू, शाळेत पाटीवर लिहायची तसं, काना-वेलांट्या देऊन.

“काय लिवलं?” हिरीबाईनं विचारलं.

निकिता वाकली. “संगीता.”

“संगीता? शाळेचं नाव संगीता?”

“शाळेचं नाई,” अंजना म्हणाली. “माह्या नर्सरीचं. आजपासून संगीता नर्सरी. शाळेचं आसराच राहू द्या. मॅडमनं लेकरायसाठी शोधून ठेवलेलं नाव हाये.”

बायका एकदम बोलू लागल्या. हिरीबाईनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“येडी झाली का तू? बायायले नाव दिलं होतं न तू? दिलेलं काढून घेते? रागावतीन त्या.”

“रागावल्या तं माह्यावर रागावतीन. नाव म्या दिलं, म्याच काढलं. लेकरायचा काय संबंध?” आणि मग तिनं दगडांकडे वळून सगळ्यांसमोरच सांगितलं, जसं घरातल्या मोठ्या बायकांना सांगावं तसं. “बाया हो, तुमचं नाव पाटीवरून काढून राह्यली, मनातून नाई. दहीभात चुकनार नाई. रस्त्याच्या शाळेत जे आसरा हाये ते तुमी नोहे, ते दुसरी हाये. तिकडून हाक आली तं वळून पाहू नका. हे मी सांगून राह्यली, ऐकनं न ऐकनं तुमच्याकडं.”

हिरीबाई रागावली होती की काय, ते तिच्या चेहऱ्यावरून समजलं नाही. शेवटी तिनं चिमूटभर कुंकू घेऊन ताटातल्या ‘संगीता’वर टाकलं आणि म्हणाली, “अशी उलटी सासू म्या जनमात पाह्यली नाई. फोडा नारय.”

सोमवारी हिरीबाई दोन्ही नातवंडं घेऊन शाळेत गेली. तिच्या मागून दहाजणं आली. एक आलं नाही, त्याच्या बापाला पुण्याकडं काम लागलं म्हणून ते घरच गेलं, पण निकिता म्हणे, कोणी सांगावं?

पाटी बदलून आली, पिवळ्यावर हिरवी अक्षरं, ‘संगीता नर्सरी’. अंजना येता-जाता तिच्याकडे बघायची आणि बघून ओशाळायची. आपण बायांना फसवलं की बायांनी आपल्याला सोडवलं, हे तिला ठरवता येईना. विहिरीचं पाणी चढलं, पण ते श्रावणाच्या तोंडी दरवर्षीच चढतं, त्याचा अर्थ काय लावणार? मेहकराकडची दोन जुनी गिऱ्हाइकं रस्त्यावरून तशीच पुढे गेली. आसरा बंद झाली, असं त्यांना वाटलं. फोनवर मात्र अजून पोरांच्याच चौकश्या यायच्या. राधिकानं नकाशावरचं नाव बदललं होतं, तरी का कोण जाणे.

आठवडाभरानं मेडशीहून नणंदेचा फोन आला. तीच ती संगीता. आता तिलाही लेकीचं लग्न काढायचं होतं.

“वैनी! दादानं पाटीचा फोटो पाठवला,” ती रडवेल्या आवाजात म्हणाली. “माह्यं नाव दिलं तुमी नर्सरीले? मी तं इथं सगळ्यायले दाखवून राह्यली. सासूले दाखवलं. म्हटलं, पाहा, माह्या वैनीची माया! सख्खी बहीन नाई करत एवढं.”

अंजना ट्रेजवळ उभी होती. ‘हो’ म्हणून टाकावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं. कोणाचं काय बिघडणार होतं? पोरगी एवढी आनंदात होती.

“बाई,” ती म्हणाली, “ते तुह्यं नाव नाई. ते माह्यं हाये.”

“तुह्यं? तुह्यं नाव तं अंजना हाये.”

“त्याच्या आंधीचं.”

अंजनाला वाटलं, दुखावली. ती काही सावरून बोलणार, तेवढ्यात नणंद म्हणाली, “थांब थांब. ताटात तांदूय होते. मी जवळ बसली होती. मले आईनं सांगितलं, तुह्यं नाव कोनाले देनार नाई आपन. मी केवढी खूश झाली होती वं वैनी. तुह्यं काय झालं, हे माह्या ध्यानातच आलं नाई कधी.”

“अकरा वर्साची होती तू. तुह्या ध्यानात काय येनार?”

“अन् मंग आता?” नणंद अगदी गोंधळून म्हणाली. “आता मी तुले काय म्हनू?”

“वैनीच म्हन,” अंजना म्हणाली. “वांग्याचं रोप तयार हाये. रविवारी येजो, शंभरेक काढून ठेवते तुह्यासाठी.”